कमाल पॉवरवर इंजिन किती कार्यक्षम असतं? बॉयलर हाऊसमध्ये बसून मांडायचं गणित

रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आम्ही बॉयलर हाऊसमध्ये बसून कोटेशन वाचत होतो. धुराड्यातून वाया जाणारी उष्णता थर्मिक फ्लुइडमध्ये (उष्णता वाहून नेणाऱ्या तेलात) पकडायची आणि तिच्यावर छोटं टर्बाइन चालवून वीज करायची, अशी योजना होती. इंजिनाची जास्तीत जास्त शक्य कार्यक्षमता सांगणारं कार्नोचं सूत्र मी कागदाच्या कोपऱ्यात लावलं, ३६ टक्के आले. कोटेशनमध्ये १२ होते. शेजारी उभ्या असलेल्या अटेंडंट काकांनी दोन्ही आकड्यांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "मॅडम, मधले चोवीस टक्के कुठं गळले?"

"लॉसेस असतात काका," एवढंच मी म्हणाले. ते खोटं नव्हतं, पण काकांच्या प्रश्नाचं उत्तरही नव्हतं. त्या चोवीसपैकी मोठा हिस्सा गळतीचा, घर्षणाचा किंवा खराब मशीनचा नसतो. इंजिनाकडून ठरावीक वेळात काम हवं असतं, त्याची ती किंमत असते. हे गणित बारावीच्या पुढचं नाही. एक स्प्रेडशीट, बॉयलरची लॉगशीट आणि तासभर सवड असली की कुणालाही करता येतं. ते कसं, ते सविस्तर लिहिते आहे.

पहिली पायरी: दोन तापमानं, केल्व्हिनमध्ये

गरम बाजूचं तापमान म्हणजे जिथून उष्णता घ्यायची त्याचं. आपल्या उदाहरणात थर्मिक फ्लुइड २०० अंश सेल्सिअस. गार बाजूचं म्हणजे जिथं उष्णता टाकायची त्याचं, आणि इथं बहुतेकांची चूक होते. हवेचं तापमान लिहून मोकळे होतात. तुमचा कंडेन्सर (टर्बाइनमधून आलेली वाफ गार करून पुन्हा द्रव करणारा भाग) हवेवर नाही, कूलिंग टॉवरच्या पाण्यावर थंड होतो. म्हणून कंडेन्सरला जाणाऱ्या आणि तिथून येणाऱ्या पाण्याची सरासरी घ्या. २७ ला आत, ३३ ला बाहेर, म्हणजे ३० अंश.

दोन्हींत २७३ मिळवा. गरम ४७३, गार ३०३. यापुढे सगळीकडे हेच दोन आकडे वापरायचे. सेल्सिअसमध्ये भागाकार केला तर उत्तर भलतंच येतं, आणि तसं आलेलं मी एका छापील प्रोजेक्ट रिपोर्टमध्येही पाहिलं आहे.

दुसरी पायरी: कार्नोचा आकडा काढा, पण तो काय सांगतो ते समजून घ्या

गार भागिले गरम म्हणजे ३०३ भागिले ४७३, ०.६४. एकातून वजा केले की ०.३६. सादी कार्नो या फ्रेंच इंजिनिअरने १८२४ मध्ये हा विचार मांडला. या दोन तापमानांमध्ये चालणारं कोणतंही इंजिन, कशानेही बनवलेलं असो, ३६ टक्क्यांच्या वर जाणार नाही. ही हद्द पक्की आहे.

पण त्या हद्दीवर उभं राहायचं तर अट काय? उष्णता फ्लुइडमधून इंजिनात शिरताना दोघांच्या तापमानात फरक नसायला हवा. बाहेर पडतानाही तेच. आणि फरक नसेल तर उष्णता वाहते कशाला? पाणी सपाटीवर वाहत नाही, तशीच ती. म्हणजे कार्नोचं इंजिन उष्णतेच्या एका युनिटमागे सगळ्यात जास्त काम देतं, पण ते युनिट यायला अनंत काळ लागतो. पॉवर शून्य. कारखान्याच्या मीटरवर त्याचा काटा हलणार नाही.

इथं थोडं थांबून आंघोळीच्या पाण्याकडे वळते, कारण पुढचं वर्गमूळ मला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कळलं ते तिथंच. बादलीत ८० अंशांचं १५ लिटर कढत पाणी आहे. त्यात ३० अंशांचं १५ लिटर विसण घातलं की ५५ अंशांचं पाणी होतं. आता विसण थेट न घालता दोन बादल्यांच्या मध्ये एक निर्दोष इंजिन ठेवा, कढत पाण्यातून उष्णता घेऊन गार पाण्यात सोडणारं. शेवटी दोन्ही बादल्या एकाच तापमानाला येतील, पण ते तापमान ५५ नसेल, साधारण ५४ असेल. ३५३ आणि ३०३ यांचा गुणाकार करून वर्गमूळ घ्या, ३२७ येतात, वजा २७३. हा जो एक अंश कमी पडला, तेच तुमचं काम. ३० लिटर पाण्याचा जेमतेम एक अंश म्हणजे सुमारे १२० किलोजूल. ६० किलोच्या माणसाला २०० मीटर वर उचलता येईल इतकं. विसण घातलं की दर सकाळी आपण तेवढं गमावतो आणि बोट घालून पाहिलं तर कळतही नाही.

गरम बादलीतून निघालेल्या उष्णतेच्या तुलनेत हे काम ७.३ टक्के भरतं. एक वजा (३०३ भागिले ३५३ चं वर्गमूळ) केलं तरी तेच ७.३. हे वर्गमूळ लक्षात ठेवा.

तिसरी पायरी: इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हीट एक्स्चेंजर लावा

खऱ्या यंत्रात टर्बाइनच्या आधी द्रवाची वाफ करणारा बाष्पक असतो आणि नंतर कंडेन्सर. हे दोन्ही हीट एक्स्चेंजर. उष्णता ट्यूबच्या भिंतीतून जाते, त्यासाठी तापमानाचा फरक खर्ची पडतो. एका अंशाच्या फरकामागे किती किलोवॅट पलीकडे जातात, तो आकडा म्हणजे त्या एक्स्चेंजरचा यूए. डिझाइनवाले हाच शब्द वापरतात.

तो तुमच्या लॉगशीटमधून निघतो. कंडेन्सरला ताशी १०८ घनमीटर पाणी जातं, म्हणजे सेकंदाला ३० किलो. ते ६ अंशांनी तापतं. ३० गुणिले ४.१९ गुणिले ६, म्हणजे सुमारे ७५४ किलोवॅट उष्णता पाण्याने नेली. आत वाफ ६७.७ अंशांना द्रव होते आहे आणि पाणी सरासरी ३० वर आहे. फरक ३७.७. भागाकार केला की यूए आला २० किलोवॅट दर अंशाला. गरम बाजूचाही असाच काढा. आपण तोही २० धरू.

दोन्ही एकामागोमाग एक आहेत, म्हणून एकत्रित यूए म्हणजे गुणाकार भागिले बेरीज: ४०० भागिले ४० म्हणजे १०. इंजिनाचा आतला भाग मात्र तूर्त निर्दोष मानायचा. सगळी नासाडी एक्स्चेंजरमध्येच होते असं धरलं की प्रश्न स्वच्छ दिसतो.

चौथी पायरी: स्प्रेडशीट भरा

पहिल्या रकान्यात कार्यक्षमता लिहा, ५ टक्क्यांपासून वर. दुसऱ्यात इंजिन किती उष्णता ओढेल ते: एकातून कार्यक्षमता वजा करा, त्या उत्तराने ३०३ ला भागा, ते ४७३ मधून वजा करा आणि १० ने गुणा. तिसऱ्यात पॉवर: पहिला रकाना गुणिले दुसरा. उत्तरं अशी येतात, किलोवॅटमध्ये:

| कार्यक्षमता | ओढलेली उष्णता | पॉवर |
|---|---|---|
| ५ टक्के | १५४० | ७७ |
| १० टक्के | १३६३ | १३६ |
| १५ टक्के | ११६५ | १७५ |
| २० टक्के | ९४२ | १८८ |
| २५ टक्के | ६९० | १७२ |
| ३० टक्के | ४०१ | १२० |
| ३५ टक्के | ६८ | २४ |
| ३५.९ टक्के | ० | ० |

हा तक्ता घाईने ओलांडू नका, सगळा लेख त्यात आहे. पॉवर वर चढते, २० टक्क्यांवर माथा गाठते आणि कार्नोच्या हद्दीपाशी थेट शून्यावर येते. माथ्यावर इंजिनाच्या आतली तापमानं काढून पाहिली तर बाष्पकात ४७ अंश आणि कंडेन्सरमध्ये ३८ अंश खर्च झालेले दिसतात. २०० आणि ३० च्या मधल्या १७० अंशांपैकी टर्बाइनच्या वाट्याला फक्त ८५ येतात. दोन्ही यूए सारखे असले की हे नेमकं निम्मं होतं. बॅटरीतून जास्तीत जास्त पॉवर ओढताना तिचं निम्मं व्होल्टेज आतल्या आत पडतं, त्याचंच हे भावंड.

आता २० आणि २५ च्या ओळी शेजारी शेजारी वाचा. २५ वर गेलं तर पॉवर १८८ वरून १७२ वर येते, साडेआठ टक्क्यांची घट. पण उष्णता ९४२ वरून ६९० वर येते, जवळपास २७ टक्क्यांची बचत. माथा सपाट असतो, त्याच्या उजव्या उतारावर, म्हणजे जास्त कार्यक्षमतेच्या बाजूला, थोडं उतरलं तर फार स्वस्तात इंधन वाचतं. डाव्या उतारावर मात्र कधीही जाऊ नये. १५ टक्क्यांची ओळ पाहा: २५ च्या ओळीइतकीच पॉवर, आणि उष्णता ११६५. अशा बाजूला चालणारी यंत्रं मी पाहिली आहेत, आणि दर वेळी ऑपरेटरला "अजून उष्णता सोडा, पॉवर वाढेल" असंच सांगितलेलं असतं.

पाचवी पायरी: माथ्याचं सूत्र

तक्ता न भरता माथा काढायचा असेल तर गार भागिले गरम याचं वर्गमूळ घ्या आणि एकातून वजा करा. ०.६४ चं वर्गमूळ ०.८, उत्तर २० टक्के. बादल्यांचंच वर्गमूळ. यूए किती आहे याचा त्यात पत्ताच नाही, ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे. कमाल पॉवरसाठी दोन्ही तापमानांची वर्गमुळं काढा (२१.७५ आणि १७.४१), वजाबाकी करा, तिचा वर्ग करा आणि एकत्रित यूएने गुणा: १८८.५ किलोवॅट.

हे सूत्र गाजलं ते १९७५ मध्ये, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या कर्झन आणि आलबोर्न यांच्या छोट्याशा निबंधामुळे. त्यांच्या आधी रशियात नोव्हिकोव्ह आणि फ्रान्समध्ये शांबादाल यांनी १९५७ मध्ये अणुवीज केंद्रांच्या संदर्भात तेच काढलं होतं, आणि त्याच्याही आधी १९२९ मध्ये राइटलिंगर यांनी. तरी नाव पडलं ते कर्झन-आलबोर्न असंच.

त्या निबंधात तीन खऱ्या वीज केंद्रांची तुलना होती. इंग्लंडचं वेस्ट थरॉक, कोळशावरचं, ५६५ आणि २५ अंश: कार्नो ६४ टक्के, वर्गमूळ ४०, प्रत्यक्ष ३६. कॅनडाचं कांडू जातीचं अणुकेंद्र, ३०० आणि २५: कार्नो ४८, वर्गमूळ २८, प्रत्यक्ष ३०. इटलीचं लार्देरेल्लो, जमिनीतल्या वाफेवरचं, २५० आणि ८०: कार्नो ३२, वर्गमूळ साडेसतरा, प्रत्यक्ष १६.

आकडे इतके जवळ आहेत की हे सूत्र म्हणजे निसर्गाचा नवा नियमच, असं वाटायला लागतं. तसं मानू नका. कांडूचा आकडा वर्गमुळाच्या वर आहे, म्हणजे ही हद्द नव्हे, अदमास आहे. शिवाय मोठी केंद्रं कमाल पॉवरच्या माथ्यावर चालवायला बांधलेलीच नसतात. हार्बर लोकल मानखुर्द सोडून खाडीपुलावर आली की ट्रॉम्बेच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसतात. अशा केंद्रात कोळसा विकतचा असतो, तिथं माथ्याच्या उजवीकडेच राहावं लागतं. गॅस टर्बाइनच्या गरम धुरावर पुन्हा वाफेचं टर्बाइन चालवणारी आजची उत्तम केंद्रं तर ६० टक्क्यांच्या पुढे गेली आहेत.

एकच आकडा न देता पट्टा द्यायचा असेल तर २०१० मध्ये एस्पोसिटो, कावाई, लिंडेनबर्ग आणि व्हॅन डेन ब्रोक यांनी दिलेला वापरा. कमी नासाडीच्या (लो-डिसिपेशन) इंजिनाची कमाल पॉवरवरची कार्यक्षमता कार्नोच्या निम्म्याहून खाली जात नाही. वरची मर्यादा म्हणजे कार्नो भागिले (दोन वजा कार्नो). आपल्या उदाहरणात १८ ते २१.९ टक्के. मी क्लायंटला हाच पट्टा देते, एकुलता एक आकडा देत नाही.

सहावी पायरी: उष्णतेचे पैसे कोण देतं?

माझ्या मते कागदावर सगळ्यात आधी लिहायचा प्रश्न हाच, आणि बैठकीत तो कुणी विचारत नाही.

उष्णता खरोखर फुकट असेल, म्हणजे एरवी धुराड्यातून वरच जाणार असेल, तर माथ्यावर चालवा. २० टक्के पाहून लाजायचं कारण नाही. तुमचा खर्च यंत्राचा आहे, इंधनाचा नाही, आणि त्या यंत्रातून जास्तीत जास्त युनिट निघाले पाहिजेत.

उष्णता विकतची असेल तर हिशोब बदलतो. उष्णतेच्या एका युनिटची किंमत भागिले विजेच्या एका युनिटची किंमत हा भाव काढा. तो एकातून वजा करा. उरलं त्याने गार भागिले गरम याला गुणा, मग वर्गमूळ घ्या आणि एकातून वजा करा. जास्तीत जास्त नफा देणारी कार्यक्षमता ती. भाव शून्य असला की कर्झन-आलबोर्न परत मिळतं. भाव कार्नोच्या आकड्याइतका वर गेला की उत्तर थेट कार्नोवर जातं, म्हणजे पॉवर शून्य, म्हणजे यंत्र लावूच नका.

समजा, विजेचे ९ रुपये वाचतात आणि उष्णतेच्या युनिटला १ रुपया ८० पैसे पडतात. भाव ०.२. तर ०.८ गुणिले ०.६४, वर्गमूळ ०.७१६, कार्यक्षमता २८.४ टक्के. तिथं यंत्र १४१ किलोवॅट देतं आणि ४९७ किलोवॅट उष्णता खातं. ताशी १२७२ रुपयांची वीज, ८९५ रुपयांचं इंधन, हाती ३७७. आता हेच यंत्र कमाल पॉवरवर चालवून पाहा. १८८.५ किलोवॅटची वीज ताशी १६९६ रुपयांची, आणि ९४२.५ किलोवॅट उष्णता ताशी १६९६ रुपयांची. हाती शून्य. मीटरवर सगळ्यात मोठा आकडा आणि गल्ल्यात काही नाही. हे उदाहरण मी काकांना स्प्रेडशीटवर दाखवलं तेव्हा त्यांनी दोन्ही ओळी स्वतः कॅल्क्युलेटरवर पुन्हा करून पाहिल्या.

एक सावधगिरी. धुराड्यातली उष्णता फुकट म्हणण्याआधी इकॉनॉमायझर लावून फीड वॉटर, म्हणजे बॉयलरला जाणारं पाणी, तापवण्यासाठी ती वापरता येते का ते बघा. तिथं उष्णतेची उष्णताच करायची असते, त्यामुळे जवळजवळ सगळी कामी येते. तशी जागा शिल्लक असेल तर ती उष्णता फुकट नाही, वाचणाऱ्या इंधनाइतकी तिची किंमत आहे.

सातवी पायरी: मशीनची वजाबाकी

आता ३६ पासून १२ पर्यंत खाली या. कार्नो ३६. एक्स्चेंजरमधून ठरावीक वेळात उष्णता ओढायची म्हणून २०. छोट्या टर्बाइनचा आतला भाग निर्दोष नसतो, तो ८० टक्के धरा: १६. जनरेटर ९५ टक्के: सव्वापंधरा. फीड पंप, पाण्याचा पंप आणि कूलिंग टॉवरचा पंखा यांनी त्यातला सातवा हिस्सा खाल्ला तर १३. म्हणजे कोटेशनमधले १२ प्रामाणिक होते. त्याच तापमानांना कुणी २२ टक्के निव्वळ लिहून दिले, तर त्याच्याकडे एक्स्चेंजरचं क्षेत्रफळ आणि पंपांचा लोड मागा.

अजून एक दुरुस्ती राहते. थर्मिक फ्लुइड २०० वर स्थिर आहे असं आपण मानलं, पण धूर थंड होत जातो. समजा धूर २२० ला येतो. गंधक असलेलं इंधन जाळत असाल तर साधारण १२० ते १४० अंशांच्या खाली नेता येत नाही, आम्ल साचून ट्यूब खाल्ल्या जातात. म्हणून १३० ला सोडायचा. अशा वेळी गरम बाजूला २२० लिहू नका, १७५ ही सरासरी लिहा. वर्गमुळाचं उत्तर पावणेअठरा टक्क्यांवर येतं. ज्या कोटेशनमध्ये सगळ्यात गरम बिंदूचं तापमान वापरलेलं असतं, तिथं फुगवटा इथूनच आलेला असतो.

आठवी पायरी: यंत्र बसल्यावर लॉगशीटमध्ये काय लिहायचं

गार बाजूला आधी जपा. जूनमध्ये खाडीवरून दमट वारा सुटला की कूलिंग टॉवरचं पाणी हवं तेवढं उतरत नाही. ते सरासरी ३० ऐवजी ३५ झालं तर कमाल पॉवर १८८ वरून १७६ वर येते. उलट ते २५ वर आणता आलं तर २०१. गरम बाजू ५ अंशांनी वाढवून फक्त १० किलोवॅट मिळतात, गार बाजू ५ अंशांनी उतरवून पावणेतेरा. टॉवरचे नोझल, फिल (पाणी पसरवणारा आतला भराव) आणि पंख्याचा पट्टा तपासायला बर्नरच्या मानाने काहीच खर्च येत नाही. नवी मुंबईच्या हवेत माझी पहिली भेट टॉवरलाच असते.

दुसरं, केवळ कार्यक्षमतेवर नजर ठेवून काजळी आणि क्षार पकडता येत नाहीत. गरम बाजूच्या ट्यूबवर काजळी बसून यूए २० वरून १५ वर आला असं धरा. एकत्रित यूए १० वरून ८.६ वर येतो आणि कमाल पॉवर १८८ वरून १६२ वर. पण माथ्यावरची कार्यक्षमता? तीच २० टक्के, कारण त्या सूत्रात यूए नाहीच. रोज टक्केवारी लिहिणारा ऑपरेटर "सगळं ठीक" म्हणत राहील आणि २७ किलोवॅट गेलेले असतील. म्हणून रजिस्टरमध्ये एक जादा रकाना आखून घ्या: दर पाळीला दोन्ही बाजूंचा यूए, तिसऱ्या पायरीत काढला तसा.

एक्स्चेंजर नवीन घ्यायचा असेल आणि एकूण यूएचं बजेट ठरलेलं असेल तर ते दोन्ही बाजूंना सारखं वाटा. ४० चं बजेट २०-२० वाटलं तर एकत्रित १० मिळतो, ३०-१० वाटलं तर साडेसातच. पुरवठादार बहुधा बाष्पक भरभक्कम देतात आणि कंडेन्सरमध्ये हात आखडतात. रबाळेच्या कोटेशनमध्येही तेच होतं. आम्ही कंडेन्सर मोठा करून मागितला, आणि यूएचा तो जादा रकाना काकांनी रजिस्टरच्या पहिल्या पानावर निळ्या शाईने स्वतः आखला.